वायर हातात घेण्याआधी

एमसीएचच्या शेवटच्या वर्षातली मुलंमुली हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात : टावी शिकायला कुठे जाऊ? कॅनडा बरं की जर्मनी? वर्षभराची फेलोशिप करू की तीन महिन्यांत भागेल? मी त्यांना उलट विचारतो, परत आल्यावर कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या कार्डिऑलॉजिस्टच्या शेजारी उभे राहणार आहात? बहुतेकांकडे याचं उत्तर नसतं. ज्यांच्याकडे असतं, त्यांना देश निवडायला माझी मदत फारशी लागत नाही.

हृदयशस्त्रक्रियेचं शिक्षण संपवून, किंवा संपत आलेलं असताना, स्ट्रक्चरल हार्टकडे वळू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. कोरोनरी रक्तवाहिन्या वगळता हृदयाच्या झडपा, पडदे आणि कप्पे यांचे आजार आणि त्यांवर कॅथेटरने करायचे उपचार, एवढा या शाखेचा व्यवहारातला पसारा. त्यात टावी आली, मायट्रल आणि ट्रायकस्पिडच्या क्लिप आल्या, एएसडीसारखी छिद्रं बुजवणारी उपकरणं आली, बसवलेल्या झडपेच्या कडेने होणारी गळती बंद करणं आलं, डाव्या एट्रियमचं अपेंडेज बंद करणंही आलं. यातलं सगळं सर्जनने करावं असं मी म्हणणार नाही. पण काय करायचं आणि काय सोडायचं हे ठरवण्यापुरतं तरी सगळं कळलं पाहिजे.

सर्जनने यात का पडावं

आकुंचित एऑर्टिक झडपेच्या जागी कॅथेटरने नवी झडप बसवता येईल, हे डेन्मार्कच्या हेनिंग रुड अँडरसन यांनी १९८९ साली डुकरांवर दाखवलं. माणसात ते पहिल्यांदा १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधल्या रुआँ शहरात अलँ क्रिबिए यांनी केलं. रुग्ण ५७ वर्षांचा होता, शॉकमध्ये गेलेला. पुढची काही वर्षं ही पद्धत ‘याला ऑपरेशन झेपणार नाही’ अशा रुग्णांपुरती राहिली. मग २०१० आणि २०११ मध्ये पार्टनर चाचणीचे निष्कर्ष आले, २०१९ मध्ये कमी जोखमीच्या रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्या आल्या, आणि वाद क्षमतेवरून वयावर सरकला. युरोपच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये टावीला पसंती देण्याचं वय ७५ होतं, २०२५ च्या सूचनांनी ते ७० वर आणलं. अमेरिकेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे ६५ ते ८० या वयोगटात दोन्ही पर्याय रुग्णापुढे ठेवून निर्णय घ्यायचा असतो. दुसरा काही आजार नसलेला, फक्त एऑर्टिक स्टेनोसिसचा सत्तरीतला रुग्ण थेट सर्जनकडे येण्याचे दिवस सरत चालले आहेत.

कार्डिऑलॉजिस्टांनी आमचं काम पळवलं, ही कुरकूर प्रत्येक परिषदेत जेवणाच्या रांगेत ऐकू येते. इतिहास मात्र वेगळं सांगतो. मायट्रल स्टेनोसिससाठी आजही आपल्या देशात रोज वापरला जाणारा फुगा ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते कांजी इनोऊए जपानचे हृदयशल्यविशारद होते. १९८२ मध्ये त्यांनी तो पहिल्यांदा रुग्णात वापरला. मायट्रल क्लिपमागची कल्पनाही सर्जनचीच. मिलानच्या ओत्ताव्हियो अल्फिएरी यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला झडपेच्या दोन पाकळ्या मधोमध एका टाक्याने जोडायला सुरुवात केली आणि क्लिपने तोच टाका कॅथेटरवर नेला. हृदयाच्या टोकातून झडप नेण्याचा मार्ग व्हँकुव्हर आणि लाइपझिगच्या सर्जननी रुळवला. कल्पना आपल्याच टेबलावर जन्मल्या. वायर हातात धरायचा कंटाळा मात्र आपण केला. १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली, तेव्हा सर्जन लोकांनी ती गंमत म्हणून पाहिली. त्या दुर्लक्षाची किंमत पुढच्या दोन पिढ्यांनी मोजली.

तरीही एक सावधगिरी हवी. परदेशातली टावीची संख्या पाहून भारतात तसंच होईल असं गृहीत धरू नका. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपा अजून भरपूर आहेत. रुग्ण तिशी-चाळिशीतला असतो, बऱ्याचदा बाई असते, एकाऐवजी दोन झडपा गेलेल्या असतात आणि एट्रियममध्ये गुठळी बसलेली असते. अशा रुग्णाला टावीचा काही उपयोग नाही. तिला लागतो उत्तम मायट्रल सर्जन, किंवा गुठळी नसेल आणि झडप योग्य असेल तर इनोऊएचा फुगा. किमतीचंही तसंच. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली धातूची झडप गेली तीन दशकं गरिबाला परवडते आहे. कॅथेटरने बसवायची झडप त्या मानाने कितीतरी महाग. वापीच्या मेरिल कंपनीच्या मायव्हॅलमुळे हा बाजार थोडा मोकळा झाला. ही झडप मधल्या मापांतही मिळते. लँडमार्क चाचणीत प्रस्थापित परदेशी झडपांच्या तुलनेत ती उणी ठरली नाही, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. पण स्वस्त झाली म्हणून ती सर्वांना योग्य ठरत नाही. म्हणून सरकारी किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात आयुष्य काढायचं ठरवलं असेल, तर वर्षभराची टावी फेलोशिप तुमच्या कामाची नाही. ते वर्ष मायट्रल दुरुस्ती शिकण्यात घालवा. हे कुणी स्पष्टपणे सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

जायचं कधी

एमसीएच किंवा डीआरएनबी संपल्या संपल्या लगेच विमानात बसू नये. रेसिडेन्सीत तुम्ही केलेल्या एऑर्टिक झडपा किती आणि त्यांतल्या खऱ्या अर्थाने तुमच्या किती, हा हिशेब प्रामाणिकपणे मांडा. अमेरिकेच्या मेडिकेअरने टावीचे पैसे देण्यासाठी ज्या अटी घातल्या आहेत, त्यांत २०१९ च्या सुधारणेनंतर नव्याने टावी सुरू करणाऱ्या रुग्णालयातल्या सर्जनने कारकिर्दीत किमान १०० ओपन हार्ट शस्त्रक्रिया केलेल्या असाव्यात आणि त्यांपैकी २५ एऑर्टिक झडपेशी संबंधित असाव्यात अशी अपेक्षा आहे. हा आकडा मला किमान वाटतो, पुरेसा नव्हे. स्वतंत्रपणे काम केलेली एक-दोन वर्षं गाठीशी असतील, तर फेलोशिपमध्ये तुमच्याकडे पाहण्याची नजर बदलते. फाटलेलं अॅनुलस शिवू शकणारा माणूस कॅथलॅबमध्ये कुणालाही हवाच असतो.

बॉण्डचं वर्ष अनेकांना वाया गेल्यासारखं वाटतं. त्याच वर्षात दोन गोष्टी घरबसल्या शिकता येतात. पहिली म्हणजे सीटी वाचणं. ज्यांची एऑर्टिक झडप तुम्ही बदलणार आहात आणि ज्यांचा सीटी झालेला आहे, अशा प्रत्येक रुग्णाचं अॅनुलस आदल्या रात्री स्वतः मोजा आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर सायझरने पडताळा. हा पडताळा कार्डिऑलॉजिस्टला कधीच मिळत नाही, त्याला शरीरात हात घालून माप घेता येत नाही. होरॉससारखं मोफत सॉफ्टवेअर मॅकवर चालतं, तेवढ्यावर सुरुवात होते. दुसरी गोष्ट म्हणजे मांडीतली रक्तवाहिनी. आयएबीपी घालताना, एक्मोसाठी कॅन्युला घालताना सोनोग्राफीचा प्रोब हाती घ्या, फेमोरल हेडच्या समोर, भिंतीवर कॅल्शियम नाही अशा जागी सुई घाला. रात्री अडीचला एक्मो लावताना घाईत कट-डाउन करायची सवय असेल तर ती मोडा. टावीतल्या गुंतागुंतींपैकी बऱ्याच या मांडीतच होतात आणि तिथे हात बसलेला असेल तर निम्मी भीती जाते.

तिथे नेमकं काय शिकायचं

झडप फुगवणं किंवा सोडणं हे काही मिनिटांचं काम आहे. फेलोशिपला गेलेल्यांचा जीव मात्र त्यातच अडकलेला असतो, कारण फोटो त्याचाच निघतो. मी तर म्हणेन, पहिले दोन महिने झडपेला हात लावायला नाही मिळाला तरी चालेल. सीटीच्या खोलीत बसा.

टावीचा अर्धा निकाल सीटीवर लागलेला असतो. तिन्ही पाकळ्यांचे तळबिंदू एका पातळीत आणून अॅनुलसचा परीघ आणि क्षेत्रफळ काढायचं, त्यावरून झडपेचं माप ठरवायचं, हे झालं वरवरचं. खरा विचार पुढे असतो. कोरोनरीचं तोंड अॅनुलसपासून किती उंचीवर आहे? ते १०-१२ मिलिमीटरपेक्षा खाली असेल आणि सायनस अरुंद असेल, तर जुनी पाकळी जाऊन कोरोनरीवर बसण्याची धास्ती. अॅनुलसच्या खाली व्हेंट्रिकलच्या तोंडाशी कॅल्शियमचा खडा असेल, तर फुग्यावरची झडप फुगवताना तिथेच चीर जाऊ शकते. मेम्ब्रेनस सेप्टम आखूड असेल तर पेसमेकर लागण्याची शक्यता वाढते. आधी बसवलेल्या शस्त्रक्रियेच्या झडपेत नवी झडप घालायची असेल तर नव्या झडपेची कड आणि कोरोनरीचं तोंड यांत किती अंतर राहील, ते ४ मिलिमीटरपेक्षा कमी भरलं तर काय करायचं, हे सगळं रुग्ण टेबलावर येण्याच्या आठवडाभर आधी ठरलेलं असतं. चांगल्या केंद्रात हे काम फेलो करतो आणि सोमवारच्या बैठकीत तो सगळ्यांसमोर मांडतो. तिथे तुम्हाला खोडून काढणारा कुणीतरी बसलेला असला, की तुमची फेलोशिप सत्कारणी लागली असं समजा.

मग वायर. सर्जनची सगळी तालीम डोळ्यांसमोरच्या ऊतीवर झालेली. सुई जिथे जाते तिथे नजर असते आणि चुकलं तर हात थांबतो. कॅथलॅबमध्ये नजर पडद्यावर असते आणि हात तिसरीकडेच. व्हेंट्रिकलमधल्या ताठ वायरचं वेटोळं सरळ झालेलं दिसण्याआधी ते बोटांना जाणवलं पाहिजे. ती वायर भिंतीतून बाहेर गेली की रक्तदाब पडतो आणि पुढच्या काही मिनिटांत सगळं ठरतं. हे वाचून येत नाही, सिम्युलेटरवर थोडंसं येतं, बाकी फक्त संख्येने येतं. आकुंचित झडपेतून सरळ वायर पार करणं, शीथ न ओढता कॅथेटर बदलणं, पेसिंग मिनिटाला १८०-२०० वर नेऊन रक्तदाब पाडून झडप स्थिर ठेवणं, शेवटी आधीच घातलेल्या टाक्यांनी मांडीतलं छिद्र बंद करणं, ही कामं प्रत्येकी शंभरदा झाली की हात बोलू लागतो.

सेप्टममधून डाव्या बाजूला जाणं त्याहून कठीण. इथे सर्जनची शरीररचना पक्की असते, पण ती वरून पाहिलेली असते. एट्रियम उघडून फोसा ओव्हॅलिस पाहणं वेगळं आणि टीईईच्या तीन प्रतिमांवरून तोच फोसा ओळखून त्यातली नेमकी जागा निवडणं वेगळं. मायट्रल क्लिपसाठी सुई मागे आणि वर, झडपेच्या पातळीपासून साधारण ४ ते ४.५ सेंटिमीटर उंचीवर. अपेंडेज बंद करायचं असेल तर मागे पण खाली. हे अंतर चुकलं की पुढचा तासभर क्लिपशी झटापट. म्हणून टीईई शिका. प्रोब हातात धरायचा नसला तरी प्रतिमा वाचता आली पाहिजे. आपल्याच ऑपरेशन थिएटरमध्ये पंप सुटल्यावर भूलतज्ज्ञ टीईई लावून बसलेले असतात. ड्रेन लावून झाल्यावर बाहेर पळण्याऐवजी त्यांच्या शेजारी उभं राहा. फुकटची शिकवणी आहे.

क्लिपच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. २०१८ मध्ये एकाच वर्षी दोन चाचण्या आल्या. फ्रान्सच्या मित्रा-एफआर चाचणीत हृदय कमकुवत झाल्यामुळे गळणाऱ्या मायट्रल झडपेवर क्लिपचा फायदा दिसला नाही, अमेरिकेच्या कोॲप्ट चाचणीत मात्र मृत्युदरही घटला. उपकरण तेच, रुग्ण निवडण्यात फरक. क्लिप कशी पकडायची हे शिकवणारे पुष्कळ भेटतील. कुणाला लावू नये हे शिकवणाऱ्याच्या मागे फिरा.

शेवटी सर्जन ते सर्जनच

आणीबाणीचा भाग कुठल्याही माहितीपत्रकात ठळक अक्षरांत नसतो. युरोपातल्या एका मोठ्या नोंदणीचे आकडे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात २७ हजारांहून अधिक टावींमध्ये ०.७६ टक्के रुग्णांची छाती तातडीने उघडावी लागली आणि त्यांतले ४६ टक्के रुग्णालयातच दगावले. वेळ क्वचित येते, पण येते तेव्हा पंप कुठे आहे, पर्फ्युजनिस्ट कुठे आहे, छाती उघडणारा टेबलापासून किती पावलांवर आहे, यावर जीव ठरतो. फेलोशिपमध्ये ही तालीम कशी करतात ते पाहा. काही केंद्रांत दर महिन्याला कोरडी रंगीत तालीम होते. ती पद्धत उचलून आणा.

मांडीतून वाट नसेल तेव्हा कॅरॉटिड, काखेतली रक्तवाहिनी किंवा क्वचित हृदयाचं टोक हे मार्ग उरतात. हे सर्जनचं हक्काचं अंगण. तिथे तुम्ही पाहुणे नसता.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पुढच्या वीस वर्षांचा प्रश्न. साठीतल्या माणसाला आज एक झडप बसवली तर त्याला आयुष्यात दुसरी लागणार, कदाचित तिसरीही. पहिली कोणती, दुसरी कोणत्या मार्गाने, दुसरीत तिसरी बसेल का, हा विचार आजच करावा लागतो. लहान अॅनुलसच्या रुग्णाला पहिल्याच शस्त्रक्रियेत महाधमनीचं मूळ रुंद करून मोठी झडप बसवली, तर पुढची झडप कॅथेटरने आत घालायला जागा उरते. मिशिगनच्या बो यांग यांनी वाय आकाराचा छेद घेऊन मूळ रुंदावण्याची पद्धत रूढ केल्यापासून या विषयात पुन्हा जान आली आहे. दुसरीकडे, बसवलेल्या टावीच्या झडपा खराब झाल्यावर, संसर्ग झाल्यावर, त्या काढण्याच्या शस्त्रक्रिया वाढत आहेत. त्या सोप्या नसतात. स्टेंटची जाळी महाधमनीच्या आतल्या थरात रुतलेली असते आणि ओढाताण केली की मूळच बदलावं लागतं. फेलोशिप निवडताना तिथे मूळ रुंदावणं आणि टावी काढणं किती होतं, हे अवश्य विचारा. नुसत्या टावी हजार होत असतील आणि ओपन सर्जरी आटली असेल, तर ती जागा कार्डिऑलॉजिस्टसाठी छान आहे. तुमच्यासाठी अर्धीच.

किरणोत्सर्गाबद्दल थोडक्यात, कारण सर्जन मंडळी याकडे काणाडोळा करतात. रेसिडेन्सीत आपल्याला कुणी टीएलडी बॅज दिलेला नसतो. कॅथलॅबमध्ये पहिल्या दिवसापासून तो हवा, शिशाचा एप्रन, थायरॉइड कॉलर आणि चष्मा तुमच्या मापाचा हवा. भारतात एईआरबीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० अशी आहे. ट्यूबपासून एक पाऊल मागे सरकलं की मिळणारी मात्रा झपाट्याने उतरते आणि सर्जन नेमका रुग्णाला चिकटून उभा राहतो. ही सवय तोडा. आणि पाच-सात किलोचा एप्रन घालून तासन् तास उभं राहायचं तर पाठीच्या स्नायूंची काळजी तिशीतच घ्यायला लागा.

कुठे आणि कशाच्या बळावर

भारतातच शिकायचं तर एक दार तुमच्यासाठी बंद आहे हे आधी माहीत असू द्या. एनबीईएमएसची इंटरव्हेन्शनल कार्डिऑलॉजीतली एफएनबी कार्डिऑलॉजीच्या डीएम किंवा डीआरएनबी झालेल्यांसाठी आहे. सर्जनसाठी उरतात ती मोठ्या खासगी रुग्णालयांची स्वतःची फेलोशिप, किंवा विद्यापीठाची मान्यता असलेले अभ्यासक्रम. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ निरनिराळ्या विषयांत फेलोशिप अभ्यासक्रम चालवतं, त्यांची चालू यादी पाहावी. भारतात शिकण्याचा मोठा फायदा हा की ज्या रुग्णांवर पुढे काम करायचं, ते तिथेच दिसतात : दोन पाकळ्यांची झडप, लहान चणीच्या बायका, बारीक फेमोरल.

परदेशात कॅनडाने पूर्वीपासून बाहेरच्या सर्जनना क्लिनिकल फेलो म्हणून घेतलं आहे. परवाना त्या त्या प्रांताचं कॉलेज देतं आणि तो शिक्षणापुरता असतो. जॉन वेब यांच्यामुळे व्हँकुव्हरचं सेंट पॉल्स रुग्णालय मांडीतून करायच्या टावीचं माहेरघर झालं, त्यामुळे तिथे रांगही मोठी. ब्रिटनमध्ये एमटीआय योजनेतून रॉयल कॉलेजच्या पुरस्काराने जीएमसीची नोंदणी मिळते, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. आयईएलटीएस किंवा ओईटी आधीच देऊन ठेवा. जर्मनीत सर्जन कॅथेटर हातात घेतात, हायब्रिड थिएटरमध्ये ते रोजचं काम आहे. पण तिथे बी-टू पातळीची जर्मन आणि त्यावर वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा यांना पर्याय नाही. पुण्या-मुंबईत रेसिडेन्सी सांभाळून ती पातळी गाठायला चिकाटी लागते, म्हणून निर्णय दोन वर्षं आधी घ्यावा लागतो. अमेरिकेत या फेलोशिप बहुधा वर्षभराच्या आणि बऱ्याच एसीजीएमईच्या चौकटीबाहेरच्या. परवाना आणि व्हिसा राज्यानुसार आणि रुग्णालयानुसार बदलतो. ईसीएफएमजी प्रमाणपत्र नसेल तर बहुतेक ठिकाणी तुम्ही बघेच राहता. तिथे सर्जनला टेबलावर जागा मात्र पक्की मिळते, कारण मेडिकेअरने २०१२ पासूनच सर्जन आणि कार्डिऑलॉजिस्ट दोघांनी मिळून काम करण्याची अट घातलेली आहे. आपल्याकडे सर्जनचा हात वायरवर असणं हे नात्यावर चालतं.

पैशांसाठी युरोपीय हृदयशल्य संघटनेचा फ्रान्सिस फोंतान निधी आहे. उत्तर अमेरिकेबाहेरच्या सर्जनसाठी एएटीएसची एव्हार्ट्स ग्रॅहॅम फेलोशिप आहे. दोन्हींना स्पर्धा कडक असते आणि दोन्हीकडे तुम्ही परत जाऊन काय करणार हे पटवून द्यावं लागतं. म्हणजे पुन्हा पहिला प्रश्न आलाच.

तीन महिन्यांच्या ऑब्झर्व्हरशिपबद्दल माझं मत फार चांगलं नाही. ती करू नका असं नाही. जिथे फेलोशिपला अर्ज करायचा आहे तिथेच, महिनाभर, त्या जागेचा अंदाज घ्यायला ती करा. पण नुसतं पाहून आलेल्या माणसाने दारावर ‘स्ट्रक्चरल हार्ट तज्ज्ञ’ अशी पाटी लावणं मला पटत नाही. कंपन्यांचे दोन-तीन दिवसांचे वर्गही उपयोगी असतात, ते त्यांच्याच उपकरणापुरते. फेलोशिप ही नोंदणी होणारी पदवीही नाही. तिचं वजन लॉगबुकवर.

जाण्याआधी घरच्या कार्डिऑलॉजिस्टशी बसून बोला. स्पष्ट बोला : मी परतल्यावर महिन्याला दोन टावी होणार असतील तर त्यांत दुसरा ऑपरेटर म्हणून माझा हात असेल का, माझ्या ओपीडीतला सत्तरीचा रुग्ण मी तुम्हाला दाखवीन, तुमचा पंचावन्नचा तुम्ही मला दाखवाल का, आठवड्याला एक तास सीटी घेऊन एकत्र बसू का. फीची वाटणीही याच बैठकीत ठरवा. हा विषय नंतर काढला की नातं बिघडतं. ज्याच्याशी हे बोलता येत नाही त्याच्याबरोबर कॅथलॅबमध्ये उभं राहता येणार नाही. फेलोशिपमध्ये कमावलेला हात वायरपासून वर्षभर लांब राहिला की बोथट होतो, हे मी चांगल्या चांगल्या मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे.

आणि अर्ज भरण्याआधी शेवटचं एक काम करा. त्या जागेवर याआधी काम करून गेलेल्या दोघातिघांना गाठा, शक्यतो तुमच्यासारख्याच बाहेरून आलेल्या सर्जनना. वर्षभरात पहिला ऑपरेटर म्हणून किती टावी केल्या, सेप्टम किती वेळा स्वतः ओलांडला, सीटीची मापं कोण काढत होतं, कार्डिऑलॉजीचे फेलो समोर असताना वायर कुणाच्या हातात जायची, रात्री आणीबाणीत छाती कुणी उघडली, हे विचारा. मग हेच प्रश्न कार्यक्रमाच्या प्रमुखांना लेखी विचारा. दोन्ही उत्तरं जुळली तर बॅग भरा. प्रमुखांकडून आकड्यांऐवजी नुसतीच रुग्णालयाची ख्याती ऐकायला मिळाली, तर दुसरी जागा शोधा.